चारने भागून सीमांत परिणाम मिळत नाही

होय किंवा नाही एवढेच उत्तर असलेल्या सांख्यिकी प्रतिमानांबद्दल विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. लॉजिट या अशाच एका प्रतिमानातला सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) ४ ने भागला की सीमांत परिणाम, म्हणजे चल किंचित बदलल्यास संभाव्यता किती बदलते ते, मिळतो, तेही नको असेल तर सॉफ्टवेअर एकमेव बरोबर उत्तर देतेच, आणि दोन चलांच्या गुणाकाराचा सहगुणक म्हणजेच त्यांचा परस्परपरिणाम (एकाचा परिणाम दुसऱ्याच्या मूल्यानुसार किती बदलतो ते), असे त्यात सांगितलेले असते. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम भागाकार. सलग चलाचा परिणाम म्हणजे सहगुणक, घटना घडण्याची संभाव्यता आणि न घडण्याची संभाव्यता या तिघांचा गुणाकार. संभाव्यता ०.५ असेल तरच सहगुणकाची ०.२५ पट हाती येते, ती ०.०५ असेल, तर जेमतेम ०.०४७५ पट. म्हणजे ४ ने भागून मिळते ती फक्त कमाल मर्यादा.

एकमेव उत्तराचे म्हणावे, तर स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधील जुनी 'एमएफएक्स' आज्ञा चलांच्या सरासरी मूल्यांवरचा परिणाम देत असे, तर २००९ साली ११व्या आवृत्तीत आलेली 'मार्जिन्स' वेगळे काही न सांगितल्यास प्रत्येक निरीक्षणाचा परिणाम काढून त्यांची सरासरी देते. समजा, दोनच व्यक्ती आहेत आणि त्यांचे लॉग ऑड्स (घटना घडण्याच्या व न घडण्याच्या संभाव्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) उणे ३ आणि अधिक ३ असतील, तर दुसऱ्या पद्धतीने सहगुणकाची सुमारे ०.०४५ पट येते. पहिल्या पद्धतीत मात्र लॉग ऑड्स शून्य असलेली, प्रत्यक्षात नसलेली व्यक्ती कल्पून ०.२५ पट. शिवाय वयाचा वर्ग (वय गुणिले वय) वेगळा स्तंभ म्हणून हाताने तयार केला असेल, तर वर्ग स्थिर ठेवून वय बदलण्याचा अशक्य परिणाम सॉफ्टवेअर निमूटपणे काढून देते. स्टाटात दोन हॅशचे चिन्ह (##) वापरून आणि आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ग सूत्रातच लिहून हा घोटाळा टळतो.

सर्वांत चिवट गैरसमज परस्परपरिणामाचा. आय आणि नॉर्टन या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये दाखवले, की लॉजिट आणि त्याच्यासारख्याच प्रोबिट प्रतिमानात संभाव्यतेवरील परस्परपरिणाम इतर चलांच्या मूल्यांवरही अवलंबून असतो, त्याचे चिन्ह सहगुणकाच्या उलट असू शकते आणि सहगुणक शून्य असला तरी तो शून्य असेलच असे नाही. त्यांनी तपासलेल्या ७२ लेखांपैकी एकातही या सहगुणकाचा अर्थ नीट लावलेला नव्हता. तेव्हा विद्यार्थ्यांना फार दोष देता येत नाही. 'मार्जिन्स' गुणाकाराच्या पदाचा वेगळा परिणाम देत नाही, ही तिची उणीव नव्हे: दोन चल स्थिर ठेवून त्यांचा गुणाकार बदलताच येत नाही. एका चलाच्या निरनिराळ्या मूल्यांवर दुसऱ्याचा परिणाम काढून त्यांतील फरक स्टँडर्ड एररसह (अंदाजातील अनिश्चिततेच्या मापासह) द्यावा लागतो.