अजून थोडे टाकले तर...

पीसीवर गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग, घ्यायचंय असं म्हटलं की जो तो एकच प्रश्न विचारतो, "बजेट किती?" मी आकडा सांगतो. समोरचा क्षणभर गप्प होतो, मान हलवतो आणि म्हणतो, "येईल ना, येईल की. पण अजून थोडे टाकलेस तर..."

हे 'अजून थोडे' फार चिवट प्रकरण आहे. तळातल्या कार्डापासून वर बघत गेलं की प्रत्येक कार्ड खालच्यापेक्षा जरासंच महाग असतं, आणि त्या जराशा पैशांत मिळणारा वेग मात्र चांगला घसघशीत दिसतो. म्हणजे खालचं घेणारा सरळसरळ मूर्ख. एका रात्री मी ह्याच न्यायाने, दर पायरीवर अत्यंत शहाणपणाचा निर्णय घेत घेत, थेट एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०९० पर्यंत पोचलो. ते कार्ड एकटं ५७५ वॅट खातं. माझा अख्खा पीसी, मॉनिटर आणि टेबलावरचा दिवा धरूनही तेवढं खात नाही. बरं, चढताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र दर पायरीवर कुणीतरी आपल्या खिशातलं काढून घेतंय असं वाटत होतं. खिशात तर मुळात काही नव्हतंच.

माझा सल्लागार म्हणजे माझा भाचा. वय कॉलेजचं आणि बोलणं निवृत्त न्यायाधीशाचं. मी त्याला रोज फोन करायला लागल्यावर शेवटी ताईनेच तो उचलला आणि म्हणाली, "अरे, परीक्षा आहे त्याची. त्याने तुझ्या मागे लागायचं की तू त्याच्या?" तरी परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून त्याने मला पहिला नियम सांगितला, "मामा, नाव वाचून कार्ड घ्यायचं नाही."

"मग काय वाचून घ्यायचं?"

"सगळं."

त्याचं म्हणणं किती खरं आहे ते पुढे कळलं. आकडा मोठा तर कार्ड मोठं, असं भोळ्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा. म्हणून ४०६० हे ३०८० च्या पुढच्या पिढीतलं असूनही धावायला त्याच्या मागे. इथपर्यंत समजू शकतो, पुढची पिढी नेहमीच मागच्यापेक्षा तगडी असते असं नाही. पण आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड आणि ८ जीबीचं कार्ड ह्यांत नुसता मेमरीचाच फरक असेल असं वाटावं, तर ८ जीबीवाल्याचा मेमरी बसही, म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ताही, १९२ बिटवरून १२८ वर आणलेला. जीटीएक्स १०६० च्या वेळी ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. ३ जीबीवाल्यात कोअरही, म्हणजे हिशेब करणारे छोटे भागही, १२८० ऐवजी ११५२. जीटी १०३० एकात जीडीडीआर५ मेमरी घालून आलं आणि दुसऱ्यात साधी डीडीआर४, वेगात जमीनअस्मान, नाव तेच. एएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ५८० चे कोअर २३०४, असं पाठ करून जावं तर त्याच नावाचं २०४८ कोअरवालं समोर येतं. २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबी आणि १२ जीबी, आणि दोन्हींतली चिपच वेगळी. त्यावर एवढा गदारोळ झाला की १२ जीबीचं कार्ड बाजारात यायच्या आत मागे घ्यावं लागलं. पुढे ते ४०७० टीआय ह्या नावाने निमूटपणे आलं.

एएमडीचं वेगळंच. आरएक्स ७००० नंतर डेस्कटॉपवर ८००० यायला हवं. ते गाळून २०२५ मध्ये थेट ९०७० आलं. आता गंमत अशी की २००२ साली एटीआयचं (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) रेडिऑन ९७०० नावाचं कार्ड होतं, १२८ एमबी मेमरीचं. ९०७० मध्ये १६ जीबी. म्हणजे घाईघाईत शोधताना शून्य एक घर पुढे सरकलं की माणूस २३ वर्षं मागे जातो.

नावांतून सुटलो तो फ्रेममध्ये अडकलो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एकेक चित्र काढायला कार्डाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर खेळ अडखळतो. ह्यावर तोडगा म्हणून हल्ली अपस्केलिंग असतं. एनव्हिडियाच्या डीएलएसएस ह्या अपस्केलिंगचा 'क्वालिटी' मोड १०८०पी वर लावला तर कार्ड आतून चित्र काढतं ७२०पी चं आणि ते ताणून, घासूनपुसून मोठं करून दाखवतं. नवं कार्ड घ्यायचं, ते जुन्या रिझोल्यूशनवर खेळायला! बरं, दिसतं चांगलं, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच्यापुढचं फ्रेम जनरेशन म्हणजे कळसच. ५० च्या मालिकेत चौपट मोड लावला तर चारपैकी एक फ्रेम कार्ड खरी काढतं आणि तीन स्वतःच्या अंदाजाने घालतं. मी ऑफिसात आठवड्याचा एक रिपोर्ट खरा देऊन बाकीचे तीन अंदाजाने भरले असते तर त्याला कुणी तंत्रज्ञान म्हटलं नसतं.

पण खरं दुखणं ह्यातलं कुठलंच नाही. मला ते कार्डांच्या तुलनेचे तक्ते वाचता वाचता सापडलं, आणि सापडल्यावर मी बराच वेळ नुसता चिडून बसलो. कार्डांची तुलना करणारे लोक चाचणीसाठी बाजारातला सगळ्यात तगडा प्रोसेसर वापरतात. ते बरोबरच आहे. प्रोसेसर मागे पडला तर कार्डाची खरी ताकद कशी कळणार? पण स्वस्तातलं कार्ड घेणाऱ्याच्या घरी तो प्रोसेसर नसतो. तो असता तर तो स्वस्तातलं कार्ड कशाला बघत बसला असता?

आणि स्वस्त कार्डांची मिजास काय वर्णावी! आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. चार जीबीचं, गरिबाघरचं कार्ड. ते मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेस ह्या जोडणीच्या सोळा लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, असताना चारच वापरतं. बोर्ड चौथ्या पिढीचा असेल तर निभावून नेतं. तिसऱ्या पिढीचा असेल तर त्याच चार लेनचा वेग निम्मा होतो, आणि चार जीबी भरले की खेळ आचके देऊ लागतो. आता मला सांगा, तिसऱ्या पिढीचा बोर्ड कोणाकडे असतो? ज्याला हे कार्ड परवडतं त्याच्याकडेच. इंटेलचं आर्क बी५८० आलं तेव्हा मला वाटलं, आला वाली. १२ जीबी मेमरी, बोलबाला चांगला. खाली बघतो तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम मोकळी करून देणारी सोय) चालू असलेला बोर्ड हवा, शिवाय जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, एवढं काम प्रोसेसरवर ढकलतो की कार्ड निवांत आणि प्रोसेसर घामाघूम. ह्याउलट महागडी कार्डं सोळाच्या सोळा लेन घेऊन येतात आणि जुन्या बोर्डावरही फारशी कुरकुर करत नाहीत. थोडक्यात, पैसे वाचवायचे असतील तर आधी पैसे असायला हवेत.

हे मी भाच्याला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते सगळं राहू दे. पॉवर सप्लाय कुठला आहे?"

मी टेबलाखाली शिरलो. मोबाइलचा टॉर्च लावला. कॅबिनेटच्या बाजूचं झाकण काढल्यावर आत धुळीची जी गादी होती ती बघून मला वाटलं, इथे आधी झाडू लागणार आहे, कार्ड नंतर. पॉवर सप्लायच्या अंगावर ठळक अक्षरांत '५००' लिहिलेलं. मी खुशीत सांगितलं, पाचशे वॅट! भाचा म्हणाला, "खाली एक तक्ता असेल बारीक अक्षरांत. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत?" चश्मा कपाळावर, नाक पत्र्याला, असं करून मी वाचलं: २८. "गुणिले बारा," तो म्हणाला. ३३६. पाचशेतले उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांत वाटून टाकलेले होते, ज्यांचा कार्डाला जवळपास काही उपयोग नाही. आणि कार्डाला जोडायची तार? सहा पिनांची एक. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडातून १५०. मला जी कार्डं आवडली होती ती झाडून सगळी आठ पिनवाली.

"हार्ड डिस्कच्या तारेतून आठ पिन करायचा एक जोड मिळतो म्हणे," मी चाचपून बघितलं.

"मामा, तुला गेम खेळायचाय की अग्निशमन दलाला बोलवायचंय?"

म्हणजे पॉवर सप्लाय नवा घेणं आलं. त्याचे पैसे कुठून? कार्डाच्या पैशांतून. म्हणजे कार्ड एक पायरी खाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकच आधी बदलून घ्या म्हणत होते.

टेबलाखाली होतोच, म्हणून कॅबिनेटही मोजायला सांगितलं गेलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली. मागच्या पट्टीपासून पुढच्या पत्र्यापर्यंत २८० मिलिमीटर भरलं. मी हर्षभरित झालो. "पुढे पंखा आहे ना? त्याचे २५ वजा कर." २५५. "आणि हार्ड डिस्कचा पिंजरा?" तो अगदी मधोमध, कार्ड जिथे संपणार तिथेच, निर्विकारपणे उभा होता. त्या एका टेपेने तीन पंख्यांची सगळी कार्डं एका झटक्यात बाद केली. रात्ररात्र तक्ते वाचून जे झालं नाही ते शिवणाच्या टेपेने केलं. मी वर आलो तो केसांत धूळ आणि मनात विलक्षण शांतता. बायकोने टेपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ह्यातलं काय धुवायचं आधी?"

मधल्या काळात सेकंडहँडच्या वाटेलाही जाऊन आलो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाने कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद पाडलं तेव्हापासून जगात एकही मायनिंगचं कार्ड उरलेलं नाही, सगळी 'फक्त भावाने सुट्टीत थोडं खेळायला वापरलेली' आहेत. भावाने सुट्टीत एवढं खेळून पंख्याचं बेअरिंग घासत आणलेलं असतं, ती गोष्ट निराळी. तसं मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही. पुष्कळ जण ते कमी व्होल्टेजवर, एका तापमानाला चालवतात. पण पंखे आणि थर्मल पॅड दमलेले असतात. भाच्याने फर्मावलं, की जीपीयू-झेड हे कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलेलं दाखव म्हणावं, कारण जुन्याच चिपवर नव्या कार्डाचं बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) चढवून विकणारे महाभाग आहेत, आणि ते सॉफ्टवेअर अशा कार्डापुढे चक्क 'फेक' असं छापतं. मी विक्रेत्याकडे तशी मागणी केली. "विश्वास नसेल तर राहू द्या," असं त्याचं उत्तर आलं. मी राहू दिलं.

मग राहिला थांबण्याचा पर्याय. पुढची पिढी कायमच येऊ घातलेली असते आणि ती आली की आत्ताची स्वस्त होणार असते. थांबलेल्यांना २०१७ च्या अखेरीस मायनिंगवाल्यांनी गाठलं, २०२१ मध्ये पुन्हा त्यांनीच आणि चिपच्या टंचाईने, आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली तशी रॅमही महागली. थांबणाऱ्यांचं भलं झालेलं मला अजून पाहायचंय.

शेवटी आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी, १३२ वॅट, आठ पिनांचा एकच जोड, दोन पंखे, आणि पिंजऱ्याच्या अलीकडे बोटभर जागा सोडून थांबणारं. लेन आठच, पण माझ्या जुन्या बोर्डावर तेवढं खपून जातं. जेव्हा सांगेन तेव्हा लोक मान हलवून म्हणतात, "बरंय. पण अजून थोडे टाकले असतेस तर..." आता मी त्यांना पॉवर सप्लायच्या तक्त्यातला १२ व्होल्टचा रकाना समजावून सांगायला लागतो. बहुतेक जण मधेच उठून जातात.

परीक्षा संपल्यावर भाचा येऊन कार्ड बसवून गेला. स्लॉटचं टोक 'टक्' करून वाजलं तेव्हा मी उगाच श्वास धरून बसलो होतो. तो गेल्यावर दार लावून घेतलं, गेम चालू केला, आणि गेमने पहिलाच प्रश्न टाकला: सावल्या कशा हव्यात? लो, मीडियम, हाय, अल्ट्रा. टेक्श्चर? प्रतिबिंबं? गवत? मी हाय लावून एका डबक्यासमोर जाऊन उभा राहिलो. मग अल्ट्रा लावून त्याच डबक्यासमोर. मग पुन्हा हाय. हाय आणि अल्ट्रामधला फरक शोधत मी डबक्यात पार वाकून बघत होतो, तेवढ्यात पाण्यात माझ्यामागे एक माणूस दिसला. कुऱ्हाड, हात, झग्याच्या चुण्या, सगळं इतकं स्वच्छ की मी वळायचंच विसरलो. मेलो तेव्हा वरच्या कोपऱ्यात ७१ फ्रेम दिसत होत्या.