गंमत चाललीय म्हणे!

आज दुपारी सांगलीत विश्रामबागला एका बारशाला गेले होते. नात्यातल्याच एक आजी होत्या, हल्ली त्यांना फारसं आठवत नाही. लग्न आहे असं समजून त्या सारख्या विचारत होत्या, "मुलाकडची माणसं आली का गं?" तर दोन-तीन पोरं (पोरं कसली, तिशीतले घोडे!) मुद्दाम विचारतायत, "आजी, हुंडा किती ठरला?" वर मोबाईलवर शूटिंग. सगळे खो-खो हसतायत. मी म्हटलं, फोन खाली ठेवा. तर एक काका मलाच म्हणाले, "गंमत चाललीय गं. ती हॅरी पॉटरची पुस्तकं वाचून तू फारच हळवी झालीयेस."

हो, वाचते. या वयातही वाचते. काय करायचंय?

लोकांना वाटतं त्यात नुसत्या कांड्या आणि झाडू. आणि चाहते 'प्रेमाचा विजय होतो' छापाची पोस्टर्स फिरवतात, त्यांचाही मला वैतागच येतो. प्रेमाचा विजय काय, कीर्तनातही ऐकलाय. माझ्यासाठी त्या सात पुस्तकांत एक प्रसंग आहे, पाचव्या भागातला. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल, त्याचे आईवडील छळामुळे भान हरपून हॉस्पिटलमध्ये आहेत. आई त्याला ओळखत नाही. येते आणि त्याच्या हातात बबलगमचा रिकामा कागद ठेवते. तो 'थँक्स मम' म्हणतो. त्याची आजी म्हणते, टाक तो, अशा कागदांनी तुझी खोली मढवून होईल. पण तो गुपचूप कागद खिशात घालतो. मित्र बघत असतात, आणि हसत कुणीच नाही.

माझी आजी गावभागात राहायची. शेवटी शेवटी मला स्वतःची धाकटी बहीण समजायची. पदराची गाठ सोडून एसटीचं जुनं तिकीट द्यायची. ते पातळ, कंडक्टरने पंच मारलेलं, घामाने मऊ झालेलं. "हरवू नको हं, तासगावला उतरायचंय." तासगाव तिचं माहेर. चुलत भावंडं हसायची, आई म्हणायची, दे टाकून. मी नाही टाकलं. नेव्हिलने टाकलं नव्हतं म्हणून. इतकं सरळ आहे ते. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास होता की, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, पुस्तकं न वाचताही माणसं चांगली वागतात. वागतात, बाबा. माझ्या आजोबांनी कादंबरी हातात धरली नसेल, पण रोज आजीला "तासगावची गाडी साडेचारला आहे" असं सांगून शांत करायचे. आणि हॅरी पॉटरच्या लेखिकेची, जे. के. रोलिंगची, ट्रान्सजेंडर लोकांविषयीची हल्लीची मतं मला अजिबात पटत नाहीत, तेही लिहून ठेवते.

पण त्या काकांचं 'गंमत' डोक्यातून जाईना. पहिल्याच भागाच्या शेवटी याच नेव्हिलला दहा गुण मिळतात, कशाबद्दल? स्वतःच्या मित्रांना अडवलं म्हणून. शत्रूपुढे उभं राहायला धैर्य लागतं, तितकंच आपल्या माणसांपुढेही लागतं, असं हेडमास्तर सांगतात. आपल्याकडे उलटं. परक्याला फेसबुकवर फाडून खायचं आणि घरच्या कार्यात कुणी म्हातारीची टिंगल केली की जिलबी चघळत गप्प बसायचं. तिथे बसलेल्या निम्म्या बायकांना ते आवडलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. बोलल्या का? एकही नाही!

असो. रागात लिहितेय. त्या पोरांनाही कुणी सांगितलं नसेल. त्यांच्या घरी कुणी तिकीट हातात दिलं नसेल.

आजीची तिकिटं मी पाचव्या भागातच ठेवली होती. 2019 च्या पुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा, खालच्या खणातलं बाकी सगळं गेलं. हे पुस्तक बचावलं, पण फुगून उशीएवढं झालंय. तिकिटांचा लगदा झाला. पुस्तक कुणाला हवं असेल तर न्या, वाचून परत द्या. पानं एकमेकांना चिकटलीयत, ओढू नका, पट्टीने हळू सोडवा. काका, तुम्हालाही देईन.