वायरवरची विद्युत चेनसॉ: ‘पेट्रोल नाही, म्हणजे धोका नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

पावसाळ्याच्या तोंडावर अंगणातल्या आणि परसातल्या झाडांची छाटणी सुरू झाली की विजेवर चालणाऱ्या चेनसॉची, म्हणजे पात्याभोवती दातेरी साखळी फिरणाऱ्या यंत्रकरवतीची, भलामण करणारा मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वायर लावून चालणारी चेनसॉ हे मिक्सरसारखेच घरगुती यंत्र आहे, पेट्रोलच्या करवतीचे धोके तिला नाहीत, ती घरातल्या कोणत्याही सॉकेटवर आणि कोणत्याही एक्स्टेन्शनवर चालते, दुहेरी इन्सुलेशन आणि घरचा एमसीबी (जास्त वीज वाहू लागली की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) असल्यामुळे शॉक बसूच शकत नाही, म्हणून भुरभुर पावसातही काम थांबवायला नको, वजन कमी असल्याने शिडीवर चढून एका हाताने फांदी तोडता येते, देखभाल लागत नाही, फार तर गाडीचे जुने ऑइल घालावे, वादळात पडलेली झाडे हटवायला तिच्यासारखे साधन नाही, आणि झाड आपल्या आवारातले असल्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही.

या यंत्राला माझा विरोध नाही. बंगल्याच्या आवारात पडलेल्या फांद्यांचे तुकडे करणे, बंबासाठी ओंडके कापणे, सुकलेले फाटे काढणे या कामांना पेट्रोलच्या करवतीपेक्षा ती अधिक सोयीची आहे. धूर नाही, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळण्याचा खटाटोप नाही, दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची झटापट नाही आणि आवाजही बराच कमी. मात्र पेट्रोल गेल्यामुळे जे टळते ते एवढेच. साखळी तीच राहते आणि वायर नव्याने येते. फिरत असलेला मजकूर साखळीबद्दल गप्प आहे आणि वायरीबद्दल चुकीचा आहे.

साखळीचे पाहू. चेनसॉची सर्वांत गंभीर इजा बहुधा पाते उसळल्यामुळे होते. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला, शेजारच्या फांदीला किंवा कुंपणाच्या तारेला लागला की तिथले दात लाकडात रुततात, पुढे सरकू पाहणारी साखळी अडते आणि तिची सगळी गती पात्याला वर व मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मान-खांद्याकडे, फेकते. हे एका सेकंदाच्या लहानशा अंशात घडते. माणसाला हात आवरण्याइतका अवधी मिळत नाही. या क्रियेत इंजिन पेट्रोलचे आहे की मोटर विजेची आहे याला मुळीच महत्त्व नाही. विजेच्या करवतीच्या साखळीचा वेग सामान्यतः पेट्रोलच्या करवतीपेक्षा कमी असतो हे खरे, पण सेकंदाला दहा-पंधरा मीटर धावणारी साखळी मांस आणि हाड कापायला पुरेशी आहे.

म्हणूनच पुढच्या मुठीसमोर असलेली आडवी ढाल केवळ शोभेची नसते. पाते उसळले की डाव्या हाताचे मनगट त्या ढालीवर आदळते आणि साखळीचा ब्रेक लागतो. काम सुरू करण्यापूर्वी हा ब्रेक चालतो की नाही हे दर वेळी तपासावे, आणि ज्या स्वस्त करवतीला असा ब्रेकच नाही ती विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात त्या ढालीचा उपयोग डावा हात पुढच्या मुठीवर असेल तरच होतो. ‘एका हाताने’ या सल्ल्याचा निकाल तिथेच लागतो.

याच संदर्भात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. चेनसॉ चालवणाऱ्यांसाठी असलेल्या संरक्षक विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन साखळीच्या दातेरी चाकात गुंततात आणि ते चाक अडते. इंजिनाचा जोर साखळीपर्यंत नेणारा पेट्रोलच्या करवतीतला क्लच अशा वेळी घसरतो आणि साखळी थांबते. विजेची मोटर मात्र कमी वेगातही भरपूर जोर लावत राहते, त्यामुळे अशा विजारींचे अनेक उत्पादक विद्युत करवतीच्या बाबतीत तेवढ्याच संरक्षणाची हमी देत नाहीत. ‘विजेची म्हणून निर्धोक’ हे विधान या एका बाबतीत उलटेच ठरते. विजार घालावीच, पण तिच्या भरवशावर पाय पात्याच्या रेषेत ठेवू नये. लुंगी, गळ्यातला टॉवेल, ओढणी किंवा पदर असे काहीही सैल अंगावर असताना ही करवत हाती घेऊ नये. डोळ्यांना गॉगल, पायात जाड बूट आणि कानांना संरक्षण असावे, कारण पेट्रोलच्या तुलनेत कमी असला तरी तिचा आवाज हाताच्या अंतरावरून तास-दोन तास ऐकण्याजोगा नसतो.

‘कोणतेही सॉकेट, कोणतेही एक्स्टेन्शन’ हा मुद्दा साध्या हिशेबाने तपासता येतो. घरगुती वापराच्या वायरवरच्या चेनसॉ साधारण १५०० ते २४०० वॅटच्या असतात. २००० वॅटची करवत २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर वीज घेते, आणि चालू होतानाच्या क्षणी त्याहून अधिक. आपल्याकडचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, म्हणजे त्याची मर्यादा १३८० वॅटच्या आसपास संपते. तेव्हा ही करवत १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावायची असते. घरोघरी असलेला टीव्हीमागचा बोर्ड आणि त्याची बारीक वायर या कामासाठी नाही, आणि मोठ्या पिनचे रूपांतर लहान पिनेत करणारा अडॅप्टर लावल्याने सॉकेटची क्षमता वाढत नाही.

वायरीची जाडी त्याहून महत्त्वाची आहे. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० मीटर लांब घेतली, तर जाण्या-येण्याच्या मिळून ६० मीटर तारेचा रोध दीड ओहमच्या थोडा वर जातो. ८.७ अँपिअरला तिच्यात साडेतेरा व्होल्टच्या आसपास दाब गळतो आणि शंभर वॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते. मोकळ्या पसरलेल्या वायरीत ही उष्णता विखुरते. रिळावर गुंडाळलेली वायर अर्धीच उलगडून वापरली तर आतल्या वेढ्यांत ती साठते, वरचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि वेढे एकमेकांना चिकटू शकतात. हेच काम २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने केले तर गळणारा दाब चार व्होल्टच्या आसपास उतरतो. ज्या गावात संध्याकाळी मुळातच दाब कमी असतो तिथे बारीक वायरीने आणखी घट झाली की करवत मंदावते, चालवणारा ती अधिक रेटतो, मोटर जास्त वीज ओढते, तिचा पंखा मात्र हळू फिरतो आणि ती तापून जळते. मग दोष यंत्राला दिला जातो.

आता शॉकचा प्रश्न, आणि या मजकुरातले सर्वांत घातक विधान. एकात एक बसवलेल्या दोन चौकोनांचे चिन्ह असलेली करवत दुहेरी इन्सुलेशनची असते, तिला अर्थिंगची तिसरी तार नसते, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण हे इन्सुलेशन यंत्राच्या आत आहे. अंगणात धोका आहे तो पाचोळ्यात लपलेल्या वायरीवरून पाते फिरण्याचा, आणि कापलेल्या वायरीला दुहेरी इन्सुलेशन उरत नाही. करवतीच्या हवा आत घेणाऱ्या फटींतून पाणी शिरले तर त्या इन्सुलेशनचा भरवसा धरता येत नाही. भुरभुर असो की नुसते ओले गवत, या यंत्राला ते वर्ज्य आहे.

एमसीबीबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आढळतो. एमसीबी हा वायरिंग जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंतची वीज निमूटपणे जाऊ देतो, तर माणसाच्या शरीरातून अँपिअरच्या काही शतांश भागाइतका प्रवाह गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. पात्याने दोन्ही तारा एकदम जोडल्या गेल्या तर शॉर्ट होऊन एमसीबी पडेल. पण तारा तुटून फेजचे टोक ओल्या मातीत पडून राहिले आणि कोणाचा पाय त्यावर पडला, तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. माणसाला वाचवण्यासाठी असते ते वेगळे उपकरण: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला अजूनही बरेच लोक ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज यांत फरक दिसताच तो पुरवठा तोडतो. घराच्या मुख्य बोर्डात तो आहे का हे आधी पाहावे, त्यावरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी, आणि नसेल तर वायरमनकडून बसवून घेईपर्यंत ही करवत बाहेर काढू नये. आरसीसीबी असला तरी कापलेल्या वायरीची दोन टोके दोन हातांनी उचलू नयेत, कारण वीज एका तारेतून येऊन दुसरीतून परत गेली तर त्याला कोणताच फरक दिसत नाही. वायर कापली गेली की तिला हात लावण्यापूर्वी भिंतीतला प्लग उपसावा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले आढळतात आणि तिथे बटण बंद असूनही तार जिवंत राहते.

वायर कापलीच जाऊ नये यासाठीची सवय सोपी आहे. वायर नेहमी आपल्या पाठीमागून, उजव्या खांद्यावरून यावी, कापण्याच्या दिशेला तिचा एकही वेढा नसावा. ती नारिंगी किंवा पिवळी असावी. काळी वायर सावलीत दिसत नाही. मागच्या मुठीजवळच्या खाचेत तिचा फास अडकवला म्हणजे ओढ बसून प्लग निसटत नाही.

शिडीच्या सल्ल्यावर वाद घालण्यासारखे काही नाही. शिडीवरून किंवा झाडावर चढून, खांद्याच्या वर उचलून अथवा एका हाताने चालवू नये, असे चेनसॉच्या माहितीपुस्तकांत बजावलेले असते. चार-पाच किलो वजन हलके वाटते ते जमिनीवर उभे असताना. वरची फांदी तोडायची असेल तर लांब दांड्याची हातकरवत वापरावी किंवा झाडावर चढणारा माहीतगार माणूस बोलवावा. फांदी विजेच्या तारांजवळ असेल तर दोन्ही न करता १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावे.

देखभाल नगण्य आहे, हे अर्धवट खरे आहे. कार्ब्युरेटर आणि स्पार्क प्लग नाहीत, पण साखळीला तेल लागतेच आणि ते टाकीत संपत राहते. पेट्रोलच्या करवतीत इंधन भरताना तेलाची आठवण होते. विजेच्या करवतीत तशी आठवण करून देणारे काही नसल्यामुळे कोरडी साखळी पाते झिजवत राहते. गॅरेजमधले जळके ऑइल घालण्याचा सल्ला तर सरळ अपायकारक आहे: त्यात धातूचा कीस आणि आरोग्याला घातक द्रव्ये असतात आणि साखळी ते हवेत, अंगावर आणि अंगणाच्या मातीत उडवते. साखळी नवी असताना ताणून सैल पडते, म्हणून सुरुवातीला तिचा ताण वारंवार पाहावा लागतो. कापताना जाड कीस पडण्याऐवजी बारीक भुसा पडू लागला की दात बोथट झाले आहेत असे समजावे आणि जोर लावण्याऐवजी कानस घ्यावी. ही सगळी कामे प्लग काढूनच करायची.

वादळाच्या दाव्याला कोकणाने उत्तर दिलेलेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्याबरोबर विजेचे खांबही. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. वायरवरची करवत ज्या दिवशी सर्वाधिक हवी असते त्याच दिवशी ती निरुपयोगी ठरते. शिवाय वादळात पडलेले झाड हे कापायला सर्वांत अवघड असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाची वरची बाजू दाबली गेलेली आणि खालची ताणलेली असते. सरळ वरून कापत गेले तर पाते चिमटीत अडकते. तिथे वरून सुमारे एक तृतीयांश काप घेऊन उरलेला खालून पूर्ण करावा लागतो, तर एका टोकाने लोंबणाऱ्या फांदीला याच्या उलट, आधी खालून. खोडाखाली वाकून दडपलेली कोवळी झाडे कापताच चाबकासारखी उसळतात. हे ज्याला वाचता येत नाही त्याने पडलेल्या मोठ्या झाडाला हात लावू नये, करवत कोणतीही असो.

राहिला परवानगीचा मुद्दा. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. झाड खासगी आवारात आहे म्हणून सूट मिळत नाही. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतील साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह अशी झाडे मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा उभ्या झाडाला पाते लावण्यापूर्वी नगरपालिकेच्या किंवा वन विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत करवत आधीच पडलेल्या, सुकलेल्या लाकडापुरती वापरावी.