बाईनं हसवायचं म्हणजे काय काय करावं लागतं: लुसी, हंसा, माया आणि आपलं गणपतीचं स्टेज

गणपती जवळ आले की मराठवाड्यातल्या मंडळांत आणि कॉलेजांत एकच फर्माईश असते, 'काहीतरी कॉमेडी बसवा'. मग मोबाइलवर पाहिलेली दोन-तीन स्किटं जोडायची, एखाद्या पोराला साडी नेसवायची आणि दहा मिनिटं काढायची. टाळ्या पडतात, नाही असं नाही. पण ज्या मुलींच्या अंगात खरंच विनोद असतो त्यांना नाचाच्या रांगेत उभं केलेलं असतं, आणि ते बघून जीव तुटतो. म्हणून टीव्हीवरच्या विनोदातल्या मोठ्या बायकांबद्दल जरा सविस्तर लिहितोय. त्यांचं काम समजून घेतलं तर ते आजही जसंच्या तसं कामाला येतं.

सुरुवात लुसीचं काम करणाऱ्या अमेरिकन नटी ल्युसिल बॉलपासूनच करावी लागते. 'आय लव्ह लुसी' १५ ऑक्टोबर १९५१ ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. त्या काळी बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जायचे आणि लांबच्या शहरांना पडद्यावरून उतरवलेली धूसर प्रत मिळायची. ल्युसिल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, समोर खरे प्रेक्षक बसवून मालिका केली. तिन्ही कॅमेऱ्यांना एकदम चालेल अशी वरून सारखी पसरणारी प्रकाशयोजना छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी बसवली. याचा विनोदाशी काय संबंध? फार मोठा आहे. प्रवेश तुकड्यातुकड्यांत न तुटता नाटकासारखा सलग चालायचा. हशा कुठं येतो आणि किती टिकतो हे नटीला तिथल्या तिथं कळायचं, आणि पुढचं वाक्य त्या हिशेबानं टाकता यायचं. शिवाय फिल्म टिकली आणि हक्क त्यांच्या कंपनीकडं राहिले, म्हणून मालिका पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि आज आपल्यापर्यंत पोचली.

तिचा चॉकलेटच्या कारखान्यातला प्रवेश १५ सप्टेंबर १९५२ च्या भागात आहे. यूट्यूबवर सापडतो, पण हसण्यासाठी एकदा बघितल्यावर वही घेऊन परत बघा. आधी मुकादमीण नियम सांगते, एक जरी चॉकलेट कागद न गुंडाळता पुढं गेलं तर दोघींची नोकरी गेली. मग पट्टा सुरू होतो, आणि सावकाश सुरू होतो. लुसी आणि एथेल व्यवस्थित काम करतात, एथेल म्हणजे व्हिव्हियन व्हान्स. मग वेग थोडा वाढतो. चुकलेली चॉकलेटं आधी बाजूला, मग तोंडात, मग टोपीत, मग कपड्यांत जातात. मुकादमीण येते, एकही चॉकलेट तसंच गेलेलं दिसत नाही म्हणून खूश होते, आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते. यात लुसी एकदाही प्रेक्षकांकडं बघत नाही. तिला नोकरी वाचवायची आहे, बाकी काही नाही. आपल्याकडं हाच प्रवेश बसवला तर पोरं पहिल्याच सेकंदाला आरडाओरडा सुरू करतात, मग वाढवायला पुढं काही उरतच नाही.

हा सांगाडा आपल्या लग्नाच्या पंगतीत आणून बघा. दोन जावा वाढायला उभ्या आहेत. मोठ्या मामीनं बजावलंय, 'व्याह्यांच्या पंक्तीत एकाचंही पान रिकामं दिसलं तर माझ्याशी गाठ आहे.' पहिली फेरी पोळी-वरणाची, सगळं शांतपणे. दुसऱ्या फेरीत बुंदी, आणि एक पाहुणा 'नको' म्हणत हात आडवा धरतो, पण जरा उशिरा. तिसऱ्या फेरीत पानं रिकामी व्हायचा वेग वाढतो आणि बुंदीचं भांडं तळाला जातं. आता एकीच्या पानातली उचलून दुसरीकडं, मग पाहुणा पाणी पिताना मान वर करतो तेवढ्यात त्याच्याच पानातली शेजाऱ्याला. शेवटी मामी येते, पानं भरलेली बघून समाधानानं मान हलवते आणि ओरडते, 'दुसरी पंगत बसवा!' सहा माणसांत बसतं, संवाद जेमतेम चाळीस वाक्यांचे. संभाजीनगरचं विद्यापीठ असो की नांदेडचं, युवक महोत्सवात प्रहसनाला सहा जण आणि दहा मिनिटंच मिळतात, तेव्हा मापातही बसतं. फक्त भांडी खरी घ्या आणि त्यात खरं वजन ठेवा. रिकामी बादली उचललेली शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते, आणि तिथून पुढं त्याचा कशावरच विश्वास बसत नाही.

दुसरं मोठं उदाहरण 'द गोल्डन गर्ल्स' या अमेरिकन मालिकेचं, १९८५ ते १९९२. मायामीत एका घरात राहणाऱ्या चार वयस्क बायका, आणि नायक कुणीच नाही. चौघींनाही त्या कामासाठी एमी हा टीव्हीवरच्या कामाचा पुरस्कार मिळाला. आईचं काम करणारी एस्टेल गेटी ही मुलीचं काम करणाऱ्या बिआ आर्थरपेक्षा वयानं लहान होती. बेटी व्हाइट आणि रू मॅक्लानाहन यांना आधी एकमेकींच्या भूमिका देण्याचा विचार होता. त्यांनी पूर्वी जे केलं होतं तेच परत होईल म्हणून दिग्दर्शक जे सँड्रिच यांनी अदलाबदल सुचवली. भोळ्या रोझचं काम व्हाइटकडं आलं, आणि तिनं रोझला मूर्ख न करता समोरच्याचं प्रत्येक वाक्य खरं मानणारी बाई केलं. पात्रं वाटताना हे लक्षात ठेवा. जी मुलगी नेहमी भांडखोर सासू करते तिला एकदा भोळी सून द्या.

आपल्याकडं 'तू तू मैं मैं'मध्ये हेच झालं होतं. रीमा लागू सासू, सुप्रिया पिळगावकर सून, दिग्दर्शन सचिन पिळगावकर यांचं. दोघींच्या वयात फक्त नऊ वर्षांचं अंतर, तरी कुणाला ते खटकलं नाही. रीमाताईंनी म्हातारपण केस पांढरे करून किंवा कंबर वाकवून आणलं नाही. घर आपलं आहे हा ठामपणा चालण्यात आणि बसण्यात आणला. आपल्या स्टेजवर वीस वर्षांची मुलगी सासू झाली की आधी काठी मागते. काठी देऊच नका. किल्ल्यांचा जुडगा द्या.

प्रिया तेंडुलकर यांचं 'हम पाँच'मधलं काम तर शिकवायला लावावं इतकं नेमकं आहे. १९९५ साली झी टीव्हीवर ही मालिका सुरू झाली. अशोक सराफ यांच्या पात्राची वारलेली पहिली बायको भिंतीवरच्या तसबिरीतून बोलते. म्हणजे हात नाहीत, चालणं नाही, वस्तू नाही. फक्त डोळे, भुवया, मान आणि आवाज. आणि हीच बाई दहा वर्षं आधी दूरदर्शनच्या मालिकेत 'रजनी' म्हणून सगळ्या देशाला ताठ उभं राहून जाब विचारायला शिकवत होती! एखादी मुलगी हातवारे फार करत असेल तर लाकडी चौकट घ्या, तिच्या गळ्यापर्यंत धरा आणि तालमीत अख्खा संवाद चौकटीतून म्हणायला लावा. पहिले दोन दिवस ती चिडेल, तिसऱ्या दिवशी डोळ्यांनी बोलायला लागेल.

सुप्रिया पाठक आणि रत्ना पाठक शाह या सख्ख्या बहिणी, दीना पाठक यांच्या मुली. २००२ च्या 'खिचडी'तली हंसा आणि २००४ च्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई'तली माया एकमेकींसमोर ठेवून बघा. हंसा नवऱ्याला शब्दाचा अर्थ विचारते, तो बिनधास्त चुकीचा सांगतो, आणि तिचं मनापासून समाधान होतं. विनोद त्या समाधानात आहे, म्हणून सुप्रियाताई प्रश्न विचारताना हसत नाहीत आणि उत्तर मिळाल्यावर तर अजिबातच नाहीत. माया उलट टोकाची. ती आवाज चढवत नाही. सुनेचा अपमान ती गोड हसून, शब्द सुटा सुटा करून, जणू तिच्या भल्यासाठीच करते. 'मिडल क्लास' हे दोन शब्द ती शिवीसारखे वापरते, पण म्हणते मात्र हळहळत. आपल्याकडच्या एकांकिकांत श्रीमंत सासू म्हणजे ओरडणारी बाई असं का ठरलंय, कळत नाही. ओरडलं की प्रेक्षक दबतो, आणि दबलेला प्रेक्षक हसत नाही.

मराठीत 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधल्या शुभांगी गोखले यांची श्यामला माझ्या मते या सगळ्यांच्या तोडीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सगळे दिलीप प्रभावळकरांच्या आबांचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यावर जी बाई काम न थांबवता प्रतिक्रिया देते, तिच्यामुळं ते घर खरं वाटतं. 'ऑफिस ऑफिस'मधल्या आसावरी जोशींच्या उषाजी, 'वागले की दुनिया'मधल्या भारती आचरेकरांची राधिका, निर्मिती सावंतांची गंगूबाई, प्रत्येकीवर वेगळी पोस्ट होईल.

आता प्रेक्षकांच्या आवडीचं. 'आजकालच्या पोरांना चांगलं कळत नाही' हे मला मान्य नाही. पोरं मायाच्या क्लिपा आजही बघतात. 'साराभाई' पहिल्यांदा लागली तेव्हा टीआरपी फारसा नव्हताच, तिला मोठा प्रेक्षक मिळाला तो नंतर, इंटरनेटवर. बदललं ते मालिकेचं वेळापत्रक आणि आपली बघण्याची पद्धत. 'ये जो है जिंदगी' किंवा 'टिपरे' आठवड्यातून एकदा यायची, त्यामुळं लेखकाला एक गोष्ट रचायला आठवडा मिळायचा. २००८ साली 'तारक मेहता' सुरू झाली आणि रोजच्या विनोदी मालिकेचा पायंडा पक्का झाला. तिचे आता चार हजारांहून जास्त भाग झालेत. दिशा वाकाणींची दया सुरुवातीच्या वर्षांत खरोखर उत्तम होती. पण रोज बावीस मिनिटं भरायची तर कुठलाही लेखक शेवटी पात्राच्या लकबीवरच येतो. तीच हाक, तीच चाल, आणि एका वाक्यावर पाच जणांचे चेहरे आवाजासकट.

बघण्याच्या पद्धतीचंही तसंच. म्हैसमाळच्या नाहीतर अंबाजोगाईच्या टॉवरवरून दूरदर्शन यायचं तेव्हा मराठवाड्यात वाड्यात एखादाच टीव्ही असायचा. अँटेना फिरवून मुंग्या घालवल्या की वीस-पंचवीस माणसं एकत्र बघायची. हशा एकाचा दुसऱ्याला लागायचा, हळू फुलणारा विनोदही घरात पिकायचा. कानात हेडफोन घालून एकट्यानं बघताना तो आधार नाही. तिथं पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर बोट वर सरकतं. रीलमध्ये लकब बसते, पण माणूस उभा राहायला वेळ लागतो. मायाची तीस सेकंदांची क्लिप चालते, कारण तिच्यामागं कित्येक आठवडे उभी केलेली बाई आहे.

जुनं ते सगळं सोनं असंही नाही. लुसीला नवरा मांडीवर घेऊन फटके मारतो ते प्रवेश आज बघवत नाहीत. 'श्रीमान श्रीमती'त रीमा लागू आणि अर्चना पूरणसिंग दोघी सुरेख, पण शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवण्यावर उभी असलेली गोष्ट तीस वर्षांनी जड जाते. त्यांचं काम घ्यावं, कल्पना सोडून द्यावी.

पुरुषानं साडी नेसण्याबद्दल एक बोलायचंय. ही परंपरा आपल्या मातीतली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. त्यातल्या बाया त्यांनी साडी न नेसता केल्या, नुसत्या उपरण्यावर आणि आवाजावर, आणि अस्सल मराठवाडी बोलीत. पैठणच्या नाथांचं रोडग्याचं भारूड बघा. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी नवरासुद्धा, एकेकाचा बंदोबस्त कर म्हणून सून भवानीला साकडं घालते. वरचा अर्थ अध्यात्माचा, पण घरगुती विनोदाचा सगळा मसाला चारशे वर्षांपूर्वी आपल्याच गावात लिहून ठेवलाय, तोही सुनेच्या तोंडून. म्हणजे साडीतला पुरुष चालतो, पण त्याच्या तोंडी बाईचं दुखणं असेल तर. आजच्या स्किटांत तो आत आला की हशा येतो, मिनिटभरात ओसरतो, आणि त्यामागं काही लिहिलेलंच नसतं. 'हास्यजत्रे'त विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी विनोदातली बायकांची जागा परत मिळवली, हे त्यांचं मोठं काम आहे.

बसवणाऱ्यांसाठी थोडं शेवटचं. बोली आपलीच ठेवा. लातूर-नांदेडकडची बाई 'जायलेय, करायलेत' बोलते, तिच्या तोंडी कोल्हापूरचं रांगडं बोलणं घातलं की पहिल्या रांगेतली आजी लगेच ओळखते. मंडळाच्या स्टेजवर बहुधा मध्ये एकच उभा माइक असतो, म्हणून हशाचं वाक्य नेहमी माइककडं तोंड असताना यायला हवं. पाठ फिरवून म्हटलेलं वाया जातं. हशा आला की थांबा, पण पुतळा होऊ नका. हातातली भाजी निवडत राहा, पदर खोचा, आणि हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाका. पूर्ण विरल्यावर टाकलं तर पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं. शेवटचे तीन दिवस तालमीला गल्लीतल्या चार-पाच बायका समोर बसवा. सलग दोन दिवस कुणीच हसलं नाही ते वाक्य, कितीही लाडकं असलं तरी, काढा. आणि वेळ रिकाम्या खोलीत मोजा. दहा मिनिटांचं प्रहसन तिथं आठ मिनिटांत संपलं पाहिजे, कारण उरलेली दोन मिनिटं हशाला लागतात. खोलीतच साडेनऊ भरत असेल तर मधला एखादा प्रसंग सरळ उचलून बाहेर ठेवा, नाहीतर शेवट गाठायच्या आधीच घंटा होईल.