‘सकाळी सकाळीच?’

आज सकाळी आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सतरा सेकंदांचा. फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या खांबाला एक माणूस दोन्ही हातांनी मिठी मारून उभा आहे. डोळे घट्ट मिटलेले, पाय फाकलेले, पिशवी खाली पडलेली आणि पिशवीतले पाव उतारावर. मागून कोणीतरी खिदळतंय. खाली लिहिलंय, ‘हुर्राकाचा मोसम सुरू झाला रे!’ (हुर्राक म्हणजे आमची गोव्याची काजूची दारू) आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. मी मोजली. एकतीस. त्यातली निदान दहा तोंडं माझ्या मित्रयादीतली आहेत, म्हणून हे इथे लिहितोय.

ती मिठी मला ओळखता येते. प्यायलेला माणूस खांबाला रेलतो, अंग सैल सोडतो, कधीकधी खांबाशी गप्पाही मारतो. हा माणूस हात सुटला तर आकाशात पडू अशा भीतीने खांब धरून होता.

तीन वर्षांपूर्वी रायबंदरच्या धक्क्यावर मी असाच होतो. चोडणला एका बारशाला निघालो होतो, हातात पेढ्यांचा बॉक्स, अंगावर इस्त्रीचा शर्ट. फेरी लागायला आली आणि डावा कान गच्च भरला. मग मिरामारला ऐन पावसाळ्यात उभं राहावं तशी गाज कानात सुरू झाली. आणि मांडवी फिरली. मला गरगरलं नाही, नीट वाचा, मांडवीच फिरली. नदी, फेरी, पलीकडची झाडं, सगळं एका बाजूला सरकत सुटलं. मी रेलिंग धरलं, खाली बसलो आणि सगळ्यांच्या देखत उलटी केली. तेव्हा मागून ऐकू आलं, ‘सकाळी सकाळीच?’ उजवा कान माझा शाबूत आहे. सगळं ऐकू आलं.

या आजाराला मेनिएर म्हणतात. आतल्या कानात ऐकण्याचा शंख असतो आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या. या भागातलं पाणी वाढतं, दाब वाढतो. का वाढतं ते डॉक्टरांनाही पक्कं सांगता येत नाही. झटका आला की वीस मिनिटं तरी जातात, कधी दहा-बारा तास. डोळ्यांची बुबुळं आपोआप हलतात, म्हणून समोरचं काही जागेवर राहत नाही. झटका गेला की माणूस दिवसभर धुतलेल्या फडक्यासारखा पडून असतो. आणि असे झटके हळूहळू ऐकू येणंही घेऊन जातात.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. पहिला झटका चतुर्थीत आला, मी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं टांगतात त्या चौकटीखाली, बसलो होतो आणि नारळ-सुपाऱ्यांसकट अख्खी माटोळी फिरायला लागली. घरच्यांनी पित्त ठरवलं. एका डॉक्टरांनी बीपी म्हटलं, दुसऱ्यांनी मानेचे मणके म्हणून चार महिने पट्टा घालायला लावला, त्यात जून महिना, घामाने मान सोलून निघाली. काकीने दृष्ट काढली. देवाला कौलही लावून झाला, देवाने उजवा, शुभ कौल दिला, झटका आलाच. कानाचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही, कारण चक्कर आणि कान यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच येईना. मास्तर म्हणून तीस वर्षं मुलांना कानाची आकृती काढायला लावली, त्या तीन नळ्यांना नावं द्यायला लावली, तरीही.

१८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पेर मेनिएर नावाच्या डॉक्टरने सांगितलं होतं की ही चक्कर मेंदूची नाही, आतल्या कानाची आहे. तोवर मेंदूत रक्त साचलं असं समजून उपचार व्हायचे. त्याला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली आणि माझा आधी मेंदूचा एमआरआय निघाला. (मान्य, कानाच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला तो काढावाच लागतो. पण ऐकण्याची तपासणी अर्ध्या तासाची, एमआरआयच्या मानाने फुकटातली, ती आधी का नाही? असो.) शेवटी पणजीतल्या एका डॉक्टरबाईंनी काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. डाव्या कानाची रेघ सुरुवातीलाच, जाड आवाजांपाशी, खाली कोसळली होती. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही वाद्य वाजवता का हो?’ मी घुमट वाजवतो, मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं आमचं वाद्य. म्हणजे वाजवायचो. आरतीला गेली दोन वर्षं घुमटाचा घूम मला डावीकडून येत नव्हता आणि कांसाळं, म्हणजे झांज, मात्र सुरीसारखं कानात शिरायचं. मी आपला शेजारच्या पोराला ओरडत होतो, नीट वाजव रे म्हणून. त्याची माफी मागितली नंतर. तो हसला.

आता गोळ्या आहेत, मीठ कमी आहे. मीठ कमी हे लिहायला सोपं आहे. पेजेबरोबर मिठातलं तोर नाही, सुक्या सुंगटांची किसमूर नाही, खारा बांगडा नाही, पापड नाही. गोंयकाराला हे सांगून बघा. लग्नाला गेलो की यजमान रुसतात. ‘एका दिवसान कितें जाता?’ काय होतं ते मी सांगत बसत नाही. कोणीतरी तिथेच मोबाइल काढून मान वळवायचा व्यायाम दाखवतो, दोन मिनिटांत चक्कर गायब म्हणून. बाबांनो, तो व्यायाम कानातले चुन्याचे कण जागा सोडतात त्या चक्करेचा आहे. ती मिनिटभराची असते आणि त्या व्यायामाने खरंच बरी होते, ज्यांना ती आहे त्यांनी डॉक्टरकडून जरूर करून घ्यावा. माझी ती नव्हे.

सरकारदरबारीही माझं काही नाही. २०१६च्या दिव्यांग कायद्यात ऐकू कमी येणं धरायचं तर दोन्ही कानांत साठ डेसिबलच्या वर तोटा लागतो. माझा एकच कान गेला. तोलाचा तर प्रश्नच नाही. मला दाखला नकोय, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सवलतीवर घसराल. कदंबच्या बसमध्ये उभं राहून घाटाच्या वळणावर मी ‘जरा बसू द्या’ म्हणतो तेव्हा समोरचा मला खालून वरपर्यंत बघतो, ते बघणं नकोय.

पुन्हा धक्क्यावर येतो. मी बसलो होतो, डोळे मिटून, कारण उघडले की उलटी. फेरीतून उतरलेली माणसं बाजूने जात होती. त्यात एक बूट माझ्याजवळ थांबले. क्षणभरच. मग लांबून वळसा घेऊन गेले. मला चाल ओळखू आली, पुढे त्यानेच एका लग्नात कबूल केलं. ‘सर, म्हाका दिसलें तुमी...’ मला वाटलं तुम्ही... त्याने वाक्य पुरं केलं नाही. दहावीला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर होता. मी त्याला ‘असू दे रे’ म्हटलं. नसू दे. आज लिहितोय म्हणून सांगतो, त्या दिवशी उलटीपेक्षा ते बूट जास्त लागले.

आणि थांबली कोण? एक नुस्तेकान्न, मासे विकणारी. पाटी डोक्यावरून उतरवली, माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या तोंडाशी नाक आणून सरळ वास घेतला आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘ना! घेवंक ना हाणें!’ नाही, प्यायलेला नाही हा. मग मला, ‘तकली घुंवता? दोळे धांप. हांव आसां.’ डोकं फिरतंय? डोळे मीट. मी आहे. तिने माशाच्या पाण्याचा हात पदराला पुसला आणि माझ्या मानेवर ठेवला. दोन फेऱ्या सोडल्या तिने. तिच्या पाटीतले बांगडे उन्हात होते. पेढे कुत्र्याने खाल्ले.

आता तुमचं म्हणणं. एप्रिलमध्ये धक्क्यावर झुलणारी दहातली नऊ माणसं प्यायलेलीच असतात. बरं, असतात. आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? मीही तरुणपणी अशा एकाची नक्कल करून नाटकाच्या तालमीत टाळ्या घेतल्या आहेत, तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण त्या व्हिडिओतला माणूस प्यायलेला होता असं धरून चालू. उतार ओला, खाली मांडवी. मग काय करायचं होतं? सतरा सेकंद हात मोबाइलवर कसा राहिला?

ग्रुपवर मी दुपारी एवढंच लिहिलं, ‘हा माणूस कोण? घरी पोचला का?’ अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. एकाने हात जोडल्याची खूण टाकली आहे, तिचा अर्थ मला लागला नाही.

तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असेल तर मला इनबॉक्स करा. पन्नाशीचा असेल, निळा चौकड्यांचा शर्ट, उजव्या हातात धागा. मला वाटतं पलीकडच्या बाजूचा असावा, कारण पाव घेऊन घरी निघाला होता. त्याला एकच विचारायचंय, कुठला कान भरतो.