माती टाकली आहे

आज सकाळी आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक कृष्णधवल छायाचित्र आले. उघड्या शर्यतीच्या मोटारीत बसलेला, डोक्यावर कापडी टोपी चढवलेला एक धिप्पाड माणूस, आणि खाली मजकूर: ‘ना हेल्मेट, ना सीटबेल्ट, ती माणसेच वेगळी होती.’ त्याखाली पटापट अंगठे आणि टाळ्या. मजकूर पाठवणाऱ्या मित्राला छायाचित्रातला माणूस कोण हे ठाऊक नव्हते; मला होते. तो इटालियन शर्यतचालक ज्युझेप्पे कांपारी होता, आणि तो कसा गेला हे ज्याला माहीत आहे त्याला ते वाक्य लिहवणार नाही.

१० सप्टेंबर १९३३ चा रविवार. इटलीतील मिलानजवळच्या मॉन्झा येथे सकाळी इटालियन ग्रां प्री झाली आणि दुपारी त्याच ठिकाणी, साडेचार किलोमीटरच्या लंबगोल मार्गावर, दुसरी स्पर्धा सुरू झाली. तीन प्राथमिक शर्यती आणि मग अंतिम शर्यत, असा बेत होता. पहिल्या प्राथमिक शर्यतीत काउंट त्रोसी याच्या ड्यूसेनबर्ग मोटारीचे इंजिन बिघडले आणि दक्षिणेकडच्या कललेल्या वळणावर तेल सांडले. माणसे आली, त्यांनी तेलावर वाळू टाकली, झाडले आणि ती निघून गेली.

‘वाळू टाकली’ हे शब्द मी प्रथम वाचले तेव्हा मला मॉन्झा दिसले नाही, आमचा घाट दिसला. मी बारा वर्षांचा होतो आणि बाबांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. एका वळणावर ट्रकमधून डिझेल गळले होते. संबंधित खात्याचा एक माणूस घमेल्यातून मूठमूठ माती त्यावर टाकून कडेला बिडी ओढत उभा होता. आम्ही घसरलो, बाबांच्या गळपट्टीचे हाड मोडले. आमच्याआधी दोघे त्याच जागी पडले होते. बाबा वेदनेने कळवळत असताना तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, ‘माती टाकली आहे ना, साहेब.’

मॉन्झाला नेमके हेच झाले. दुसरी प्राथमिक शर्यत सुटली आणि पहिल्याच फेरीत त्याच वळणावर चार मोटारी उधळल्या. दोन चालक वाचले. अल्फा रोमिओ चालवणारा कांपारी जागीच गेला. मासेराती चालवणारा बोर्झाकिनी थोड्या वेळाने गेला. बोर्झाकिनीच्या घरच्यांनी बाकुनिन या अराज्यवादी क्रांतिकारकावरून त्याचे नाव ‘बाकोनिन’ ठेवले होते, आणि पुढे मुसोलिनीच्या इटलीत ते बदलून राजघराण्याला रुचेल असे मारिओ उंबेर्तो करण्यात आले. नावापुरतेदेखील ज्याला मोकळे सोडले नाही, त्याच्या वाट्याला निदान स्वच्छ रस्ता तरी यायला हवा होता.

कांपारीविषयी लिहिताना मात्र माझा राग थोडा निवळतो. या माणसाला ऑपेरा गाण्याचे वेड होते. १९२८ आणि १९२९ अशी सलग दोन वर्षे मिल्ले मिल्या, म्हणजे इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून धावणारी हजार मैलांची शर्यत, त्याने जिंकली होती. त्याच १९३३ च्या जूनमध्ये तो फ्रान्सची ग्रां प्री जिंकून आला होता. आणि आता शर्यती सोडून गाण्याकडे वळण्याचे त्याने ठरवले होते. मॉन्झा ही त्याची निरोपाची शर्यत होती. एक्केचाळीस वर्षांचा तो गृहस्थ मरणाला कवटाळायला निघालेला कोणी वीर नव्हता. दुकान आवरून घरी निघालेला माणूस होता. आमच्या गटावर त्याला ‘वेगळी माणसे’ या सदरात टाकून टाळ्या वाजवल्या गेल्या.

धोका त्या चालकांना ठाऊक होता, त्यांना कोणी बळजबरीने बसवले नव्हते, आणि अपघात तेलानेच झाला की वेगामुळे, यावर तेव्हाही वाद झाला, हे मला मान्य आहे. बाबांनाही लोकांनी सुनावलेच होते की, स्कूटर जरा हळू चालवायची होती. पण दोन माणसे मेल्यानंतर आयोजकांनी काय केले? त्यांनी चर्चा केली, अंतिम शर्यत २२ फेऱ्यांऐवजी १४ फेऱ्यांची केली, आणि शर्यत सुरू केली. माती टाकली आहे ना, साहेब.

त्या अंतिम शर्यतीत त्याच वळणाने तिसरा बळी घेतला. स्तानिस्लाव चायकोव्स्की हा फ्रान्समध्ये राहणारा पोलिश काउंट. त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनजवळच्या आवुस मार्गावर एका तासात २१३ किलोमीटरहून अधिक अंतर कापून त्याने विक्रम केला होता. त्याच्या बुगाती मोटारीने पेट घेतला आणि तो आगीत गेला. तरीही शर्यत चालूच राहिली आणि मार्सेल लेहू विजेता ठरला. लेहूचा यात काही दोष नाही. पण ज्यांच्या हातात झेंडा होता, त्यांच्यापैकी एकालाही तो आडवा धरावासा वाटला नाही, याचा मला आज, नव्वद वर्षांनंतर, संताप येतो.

त्यांना अनुभव नव्हता असेही कोणी म्हणू नये. पाचच वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, याच मॉन्झाला मातेरासी या चालकाची मोटार प्रेक्षकांत घुसली होती आणि त्याच्यासह वीसहून अधिक लोक मेले होते. पुढची दोन वर्षे इटालियन ग्रां प्री भरलीच नाही. म्हणजे थांबता येते हे त्यांना माहीत होते. १९३३ नंतरही शहाणपण आलेच. १९३४ मध्ये मार्ग बदलला, वेग तोडण्यासाठी मुद्दाम अडथळे उभारले. पण ते पुढच्या वर्षी, तीन तिरड्या उठल्यावर.

आमच्या घाटातली एक गोष्ट सांगायची राहिली. बाबांना कडेला बसवल्यावर वळणावरच्या चहाच्या टपरीतल्या मावशी बाहेर आल्या. त्यांनी त्या बिडीवाल्याकडे पाहिलेही नाही. कोयत्याने करंजाची एक मोठी फांदी तोडून त्यांनी ती रस्त्यात आडवी टाकली, दोन्ही बाजूंना दगड मांडले, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत त्या उन्हात उभ्या राहिल्या. एका बसचालकाने उशीर होतो म्हणून त्यांना शिवी दिली. मावशी हटल्या नाहीत. जीपमधून बाबांना दवाखान्यात नेताना मी मागे वळून पाहिले, तेव्हा बस फांदीशी थांबलेली होती आणि मावशी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.