गळा बाटतो म्हणे!

तालुक्याच्या गायन स्पर्धेतून दुपारी परत आलो, तेव्हापासून डोकं तापलंय. आमच्या गावचा पोरगा, पाच वर्षं शास्त्रीय शिकतोय. राग भूप गायला, अगदी सुरेल. मग लोकांच्या आग्रहाखातर खंजिरी घेऊन तुकडोजी महाराजांचं भजन म्हटलं. परीक्षक सगळ्यांदेखत माइकवर म्हणाले, "असं सगळीकडे गात फिरलं की गळा बाटतो." पोरगा खालमानेनं स्टेजवरून उतरला.

हेच वाक्य माझ्या बाबांनी ऐकलं होतं. दर रविवारी एसटीनं नागपूरला गुरुजींकडे जायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात भांडण व्हायचं, तरी जायचे. सप्त्यात, लग्नात गायचे, कारण फी तिथूनच निघायची. गुरुजींना कळलं आणि शिकवणी बंद झाली. तंबोरा गवसणी घालून माळ्यावर गेला.

मग इटलीचा गायक आंद्रेआ बोचेली, त्याला काय म्हणाल? बाराव्या वर्षी फुटबॉल लागून उरलीसुरली नजर गेली. पिसाला कायदा शिकला, पियानो बारमध्ये गायला. फ्रँको कोरेल्लीसारख्या ऑपेराच्या, म्हणजे तिकडच्या शास्त्रीय संगीतनाटकाच्या, दिग्गजाकडे शिकला, पण १९९४ साली सानरेमोच्या गायन स्पर्धेत नवोदितांत पहिला आला तो साध्या पॉप गाण्यावर. पुढे ऑपेराही गायला, स्टेडियमंही भरवली. माइक नसला तर ऑपेराच्या मोठ्या थिएटरात त्याचा आवाज पुरत नाही, असं तिकडचे जाणकार म्हणतात. असेल, मानलं. पण त्याच्यामुळे किती घरांत पहिल्यांदा पुच्चीनीसारखा ऑपेराचा संगीतकार ऐकला गेला!

बाबांनी रियाज सोडला तो सोडलाच. कोणाला काय मिळालं त्यातून?

१२ एप्रिल २०२०, ईस्टरचा दिवस. सगळं बंद. मिलानच्या रिकाम्या कॅथेड्रलमध्ये बोचेली गायला, सोबत फक्त ऑर्गन. मी बाबांच्या बाजेवर मोबाइल ठेवला. भाषा कळत नव्हती. थोड्या वेळानं त्यांचं बोट बाजेच्या पाटीवर हलायला लागलं. म्हणाले, "याले दिसत नाई का रे? पण सूर कसा लावते पाय." मग डोळे मिटून स्वतःच हळू षड्ज लावला. कित्येक वर्षांनी.

परीक्षकांनाही शास्त्रीय गाण्याची कळकळ असेल, नाही म्हणत नाही. पण चौदा वर्षांच्या पोराला असं बोलायचं?

बाबू, वाचत असशील तर उद्या संध्याकाळी घरी ये. तंबोऱ्याच्या तारा गंजल्यात, बदलाव्या लागतील. भोपळा शाबूत आहे.